वैद्याचे दायित्व आणि पुराव्याचा प्रश्न : पुलगावच्या रुग्णाच्या दृष्टीने

वैद्याच्या हातून रुग्णास इजा पोहोचली किंवा त्याचा मृत्यू ओढवला, तर वैद्य कोणापुढे, कितपत आणि कोणत्या स्वरूपात जबाबदार असतो, ह्या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन टोकांकडून लिहिला जातो. एक टोक स्मृतिग्रंथांचे आणि दुसरे सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडील निवाड्यांचे. पहिल्या टोकाकडून लिहिणारे प्राचीनांच्या दूरदृष्टीचा गौरव करतात. दुसऱ्या टोकाकडून लिहिणारे कायद्याच्या प्रगतीचा. ह्या दोहोंच्या मध्ये जो सामान्य रुग्ण उभा असतो, त्याला त्या त्या काळी प्रत्यक्षात कोणता दरवाजा उघडा होता, ह्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो विचार वर्धा जिल्ह्यातील पुलगाव ह्या गावाच्या जागेवरून करण्याचा प्रयत्न आहे. पुलगावातील एखादा विशिष्ट खटला येथे सांगावयाचा नाही. ज्या निवाड्यांनी कायद्याला आकार दिला ते पुणे, औरंगाबाद, मुंबई, कलकत्ता अशा ठिकाणचे आहेत. परंतु कायदा जेथे घडतो तेथून पाहिला असता जसा दिसतो, तसाच तो पुलगावातून दिसतो असे नाही. आणि लेखाचा विषय हा फरकच होय.

पुलगावची निवड सर्वस्वी यादृच्छिक नाही. वर्धा नदीच्या पूर्व तीरावरील हे गाव. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा, म्हणजे वऱ्हाड, लागतो. नदीवरील पुलावरून गावाला नाव पडले असे सांगतात. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हे स्थानक, आर्वीकडे जाणारा अरुंद मार्ग येथून फुटत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कापसाची गिरणी उभी राहिली, पुढे लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे भांडार आले. म्हणजे शेतकरी, गिरणीकामगार, रेल्वेचे नोकर आणि लष्करी भांडारातील माणसे अशी मिश्र वस्ती. आणि आजार किंवा अपघात थोडा गंभीर झाला की रुग्णाला वर्धा, सेवाग्राम किंवा थेट नागपूर गाठावे लागते. जिल्ह्याच्या गावापासून सुमारे तीस किलोमीटर आणि नागपूरपासून शंभराहून अधिक किलोमीटर असलेल्या वस्तीत न्याय आणि उपचार ह्या दोन्ही गोष्टी प्रवासाने मिळतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य रुग्णांची स्थिती पुण्या-मुंबईच्या रुग्णापेक्षा पुलगावच्या रुग्णाशी अधिक जुळते.

प्रथम जुन्या व्यवस्थेविषयी थोडक्यात. कौटिल्याने चिकित्सकाच्या अपराधाची तीन अंगे वेगळी केली आहेत. रुग्णाच्या प्राणास धोका आहे हे न कळवता उपचार आरंभिले आणि रुग्ण दगावला, तर प्रथम साहसदंड. उपचारातील चुकीने दगावला, तर मध्यम साहसदंड. आणि मर्मस्थानी इजा झाली किंवा व्यंग आले, तर ते दंडपारुष्याचे, म्हणजे मारहाणीचे प्रकरण. अर्थशास्त्राच्या हिशेबाने प्रथम साहस म्हणजे ४८ ते ९६ पण आणि मध्यम साहस म्हणजे २०० ते ५०० पण. मनूने पशूंवरील चुकीच्या उपचारास प्रथम व मनुष्यावरील चुकीच्या उपचारास मध्यम साहस सांगितले. याज्ञवल्क्याने त्यात तिसरी पायरी घातली : रुग्ण राजपुरुष असेल तर उत्तम साहस. सुश्रुताने तर वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात पाऊल टाकावे असे म्हटले आहे, आणि कुवैद्य मोकाट फिरतात त्याचा दोष राजाकडे लावला आहे.

कौटिल्याने न कळवता केलेला उपचार आणि चुकीने केलेला उपचार हे दोन अपराध निराळे मानले, हे खरोखरच लक्षणीय आहे. कारण पुढे दोन हजार वर्षांनी संमती आणि हयगय ही दोन निराळी प्रकरणे म्हणून कायद्यात जी रुजली, त्यांचे बीज येथे दिसते असे म्हणण्याचा मोह होतो. मोह आवरलेला बरा. कळवावयाचे ते रुग्णाला नसून अधिकाऱ्याला असावे असे संदर्भावरून दिसते, आणि दंडाची रक्कम राजकोशात जाते. मृताच्या बायकापोरांच्या हाती काय पडले, ह्याविषयी हे ग्रंथ ह्या स्थळी बोलत नाहीत. शिवाय रुग्ण दगावला तो आजाराने की वैद्याच्या चुकीने, हे ठरवावयाचे कोणी व कसे, हा प्रश्न त्यांनी विस्ताराने हाताळलेला नाही. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे.

नागपूरचे राज्य १८५३ मध्ये भोसल्यांच्या वंशात औरस वारस नसल्याचे निमित्त होऊन खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून भारतीय दंड संहिता अंमलात आली. जिल्हा आणि संहिता अशी एकाच वर्षाची आहेत. संहितेत वैद्याला दिलेले संरक्षण स्पष्ट होते. ८८ व्या कलमात, मृत्यू घडविण्याचा उद्देश नसताना रुग्णाच्या हितासाठी, त्याच्या संमतीने व सद्भावनेने केलेले कृत्य अपराध ठरत नाही असे सांगून, त्यासाठी उदाहरणही शल्यचिकित्सकाचेच दिलेले होते. मात्र 'सद्भावना' ह्या शब्दाची व्याख्या ५२ व्या कलमात अशी होती की योग्य ती दक्षता व लक्ष दिल्याखेरीज कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे मानता येत नाही. मन निर्मळ होते एवढ्याने भागत नव्हते. हयगयीने मृत्यू घडविण्याचा स्वतंत्र अपराध मूळ संहितेत नव्हता; तो ३०४-अ ह्या कलमाने १८७० मध्ये घालण्यात आला, आणि त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद ठेवण्यात आली.

ह्या कलमाखाली प्रथम कोण सापडले, हे पाहण्यासारखे आहे. १८८७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आलेल्या सुकारू कविराजाच्या प्रकरणात एका कविराजाने साध्या चाकूने मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली होती आणि रुग्ण रक्तस्रावाने दगावला. अशा शस्त्रक्रिया आपण पूर्वीही केल्या आहेत, रुग्णाची संमती होती, असा त्याचा बचाव होता. शल्यविद्येचे रीतसर शिक्षण नसताना असे धोक्याचे काम अंगावर घेणे हे सद्भावनेत बसत नाही, असे न्यायालयाने ठरवून शिक्षा कायम केली. पुढे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या जुग्गन खानाच्या प्रकरणात मध्य प्रदेशातील एका होमिओपॅथाने नारूवर उपाय म्हणून रुग्ण स्त्रीला स्ट्रॅमोनियमचे चोवीस थेंब आणि धोतऱ्याचे पान दिले होते, आणि ती विषबाधेने मेली. खालच्या न्यायालयांनी खून ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने तो ३०४-अ खालचा अपराध मानला. धोतऱ्याचे विषारी गुण ज्याला ठाऊक नाहीत असा वैद्य विरळा. त्याचे परिणाम नीट न अभ्यासता ते देणे हीच बेदरकारी, असा विचार त्यामागे आहे.

पुढील निवाड्यांत ज्यांचा वारंवार आधार घेतला गेला, अशा ह्या दोन प्रकरणांतील आरोपी आधुनिक वैद्यकाचा पदवीधर नव्हता. ह्याचा अर्थ पदवीधरांच्या हातून चुका होत नव्हत्या असा नाही. अर्थ एवढाच की जेथे शिक्षणाचा अभाव उघड दिसतो तेथे हयगय सिद्ध करणे सोपे असते. चाकू साधा होता हे शेजारीही सांगू शकतो. परंतु नोंदणीकृत डॉक्टरने दिलेले औषध चुकीचे होते, किंवा भूल कमी पडली, हे शेजाऱ्याला सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा डॉक्टर साक्षीला उभा राहावा लागतो. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये आणि मध्य प्रांतात १९१६ मध्ये वैद्यकीय नोंदणीचे कायदे झाले. आयुर्वेदीय व युनानी व्यावसायिकांची नोंदणी मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यानंतर तीन दशकांनी, १९४७ च्या कायद्याने आली. नोंदणीमुळे खरा डॉक्टर कोण हे ठरले, ही गोष्ट लहान नव्हे. पण नोंदपुस्तकातून नाव काढण्याचा जो अधिकार परिषदेला मिळाला तो 'व्यावसायिक दृष्ट्या निंद्य वर्तना'साठी होता, आणि इंग्लंडातून आलेल्या ह्या कल्पनेत जाहिरातबाजी, रुग्णाशी अनैतिक संबंध, नोंद नसलेल्या माणसाला आडोसा देणे ह्या गोष्टी प्रामुख्याने येत. उपचारातील हयगय तिच्या कडेला होती. परिषद भरपाई तर देऊच शकत नव्हती.

भरपाईचा मार्ग दिवाणी होता आणि तो कागदावर फार पूर्वीच खुला झालेला होता. इंग्रजी कायद्यात मनुष्याच्या मृत्यूबरोबर त्याचा दावाही मरत असे. ती अडचण दूर करणारा कायदा हिंदुस्थानात १८५५ मध्ये झाला, आणि त्याने मृताच्या पती, पत्नी, आईबाप व मुलांना भरपाईचा हक्क दिला. परंतु १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे असा दावा मृत्यूपासून एका वर्षाच्या आत लावावा लागे (१९६३ च्या कायद्याने ही मुदत दोन वर्षांची केली). मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे. दावा प्रतिवादी राहतो किंवा कृत्य घडले तेथेच लावावा लागे. म्हणजे नागपूरच्या रुग्णालयात दगावलेल्या पुलगावच्या गिरणीकामगाराच्या विधवेने वर्षाच्या आत नागपुरात वकील करावयाचा, फी भरावयाची, आणि नागपूरच्याच एका डॉक्टरला नागपूरच्याच दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध पिंजऱ्यात उभे करावयाचे. जिल्ह्यावर नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालय आणि १९५६ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर पीठ अशी न्यायासने बदलत गेली. ह्या विधवेच्या अडचणीत त्याने फरक पडला नाही.

ह्या विषयात महाराष्ट्रातून उद्भवलेला आणि आजही प्रत्येक निवाड्यात ज्याचा उल्लेख होतो असा जो खटला, त्याचा विचार ह्याच अंगाने करावयास हवा. तो म्हणजे डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी दिला.

हकीगत अशी. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. किनारा घरापासून दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी नेण्यातच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधून तो हलू नये अशी व्यवस्था केली, आणि पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. पुढे फळ्यांच्या जागी स्प्लिंट मिळवून ते बांधले, आणि मध्यरात्रीनंतर आई व ते डॉक्टर त्याला टॅक्सीतून घेऊन निघाले. दोनशे मैलांचा प्रवास करून दुपारी साडेअकराच्या सुमारास ते पुण्यास पोहोचले. दौंडला वैद्यकव्यवसाय करणारे वडील तेथे आलेले होतेच. पुढे रुग्णाला प्रतिवादी शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयात नेण्यात आले. तेथे त्याला मॉर्फिया व हायोसीनचे इंजेक्शन दिले, क्ष-किरण छायाचित्रे काढली, शस्त्रक्रियागृहात पाय प्लॅस्टरमध्ये बसविला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्याला खोलीत आणले. सात वाजेपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असे सांगण्यात आल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घ्यावयास त्रास होतो आहे, खोकला येतो आहे, असे आईच्या लक्षात आले. तातडीचे उपचार सुरू झाले; रात्री नऊला तो वारला. प्रमाणपत्रात मृत्यूचे कारण मेदाची गुठळी, म्हणजे फॅट एम्बोलिझम, असे लिहिले गेले.

वाचकाने ह्या प्रमाणपत्रापाशी थांबावे. मोठे हाड मोडल्यावर त्यातील मज्जेतील मेदाचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकतात, आणि हा प्रकार बहुधा अपघातानंतर एक ते तीन दिवसांत दिसून येतो. मुलाचा अपघात झाला ६ मे रोजी. मृत्यू झाला तिसऱ्या दिवशी, श्वासाच्या त्रासाने. प्रमाणपत्रातील कारण वरवर पाहता अगदी चपखल बसते. सामान्य बापाने ते वाचले असते, एखाद्या जाणत्याला विचारले असते, त्याने मान डोलावली असती आणि प्रकरण तेथेच संपले असते. येथे बाप स्वतः डॉक्टर होता. आपल्या मुलाला सर्वांगाची भूल न देता केवळ मॉर्फियाच्या अंमलाखाली हाड ओढून बसविले गेले, त्यासाठी तीन माणसांची मदत घेऊन बेसुमार जोर लावला गेला, आणि त्या धक्क्याने, म्हणजे शॉकने, तो दगावला, अशी नेमकी तक्रार तो करू शकला. प्रतिवादींचे म्हणणे असे होते की प्रवासाने थकलेल्या रुग्णावर मुख्य उपचार आपण पुढे ढकलले होते, आणि तात्पुरते हलके ताणून प्लॅस्टर केले होते. अनुभवी शल्यचिकित्सकाचा हा बचाव असमंजस नव्हता. किंबहुना तसे खरोखरच घडले असते तर तो यशस्वीही झाला असता, असे निवाडा वाचताना वाटते.

न्यायालयांनी मात्र वस्तुस्थितीचा निष्कर्ष वादींच्या बाजूने काढला. भूल न देता जोराने हाड बसविले गेले, मृत्यू शॉकने झाला आणि मेदाच्या गुठळीचे कारण स्वीकारण्यासारखे नाही, असे विचारणा न्यायालयाने ठरवून तीन हजार रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्या. शेलत ह्यांनी निवाड्यात जे तत्त्व मांडले ते इंग्रजी विधिग्रंथांच्या आधाराने मांडले. रुग्णाला तपासावयास तयार असलेला डॉक्टर त्या कामापुरते ज्ञान व कौशल्य आपल्यापाशी आहे अशी हमीच जणू देत असतो. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो देताना अशा तिन्ही वेळी त्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. अत्युच्च कौशल्याची अपेक्षा नाही, पण अगदी सामान्याहून खालचेही चालणार नाही. इंग्लंडात १९५७ मध्ये बोलम खटल्यात न्यायाधीश मॅकनेअर ह्यांनी ज्यूरीला जे सांगितले होते त्याच्याशी हे जुळते. विधिविद्यार्थी हा परिच्छेद पाठ करतात, आणि ते योग्यही आहे.

परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने तत्त्वापेक्षा वादी महत्त्वाचा. कोकणातील समुद्रकिनाऱ्यावर मोडलेल्या पायाचा दावा १९५३ ते १९६८ अशी पंधरा वर्षे तीन न्यायालयांत टिकला, तो वादी डॉक्टर होता म्हणून. वैद्यकाची भाषा त्याला येत होती. तीन हजार रुपये ही रक्कम पंधरा वर्षांच्या खर्चापुढे काहीच नव्हती. ज्याला दुसरे उत्पन्न आहे आणि ज्याला पैशापेक्षा निर्णय हवा आहे, तोच असा दावा चालवू शकतो. भारतीय वैद्यकीय दायित्वाच्या कायद्याचा पाया ज्या प्रकरणावर उभा आहे त्यात दोन्ही पक्ष एकाच व्यवसायातील होते, हा केवळ योगायोग मानणे प्रस्तुत लेखकाला अवघड जाते.

डॉक्टर नसलेल्या वादीचे काय होई, ते औरंगाबादच्या प्रकरणावरून दिसते. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे त्याचे नाव. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. ताप व वेदना सुरू झाल्या. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. पू झालेला होता. २४ जुलै रोजी ती मरण पावली. पती सरकारी नोकर होता, डॉक्टर नव्हता. विचारणा न्यायालयाने ३६ हजार रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर तेहतिसाव्या वर्षी, तो पुन्हा कायम केला. रुग्णालय चालविणे हे सार्वभौम सत्तेचे कार्य असल्याने शासन जबाबदार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने नाकारली : दवाखाने खाजगी माणसेही चालवितात, तेव्हा ते काम केवळ राज्यसत्तेचे म्हणता येत नाही. आणि दोन डॉक्टरांपैकी नेमकी चूक कोणाची हे सिद्ध करण्याचे ओझेही वादीवर टाकले नाही. पोटात टॉवेल राहिला ही वस्तू स्वतःच बोलते, असे ह्या तत्त्वाचे लॅटिन नाव आहे.

येथे डॉक्टर साक्षीदाराची गरज का पडली नाही, हे उघड आहे. टॉवेल म्हणजे सुकारू कविराजाचा चाकूच. तो कोणालाही दिसतो. पुण्यातील मॉर्फिया मात्र दिसत नव्हता. वैद्यकीय हयगयीच्या प्रकरणांचे पुष्कळदा दिवाणी व फौजदारी असे वर्गीकरण करतात. दिसणारी हयगय आणि न दिसणारी हयगय हे वर्गीकरण इतिहासाला अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी भारतीय वैद्यकीय संघ विरुद्ध व्ही. पी. शांता ह्या निवाड्याने वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत असल्याचे निश्चित झाले. कोर्ट फीचा अडसर बहुतांशी गेला, जिल्ह्याच्या ठिकाणी मंच आला. पुलगावच्या दृष्टीने पाहता मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की जेथे सर्वच रुग्णांना विनामूल्य उपचार मिळतो ती सेवा कायद्याच्या बाहेर राहिली. काही रुग्ण पैसे भरतात व काही विनामूल्य उपचार घेतात अशा रुग्णालयातील गरीब रुग्ण ग्राहक ठरतो, आणि कामगार विमा योजनेतील कामगारही २००७ च्या एका निवाड्याने ग्राहक ठरला, कारण त्याच्या पगारातून वर्गणी जाते. पण पूर्णतः मोफत सरकारी दवाखान्यात गेलेल्या शेतमजुराला औरंगाबादच्या खोडव्यांचाच रस्ता, म्हणजे दिवाणी न्यायालय, उरतो. ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्याला सर्वांत लांबचा रस्ता, अशी ही वाटणी आहे. दुसरी गोष्ट आशादायक आहे. १९८६ च्या कायद्याखालीही तक्रार विरुद्ध पक्षाच्या किंवा घटनेच्या ठिकाणीच करावी लागे. २०१९ च्या कायद्याने, जो जुलै २०२० मध्ये अंमलात आला, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करण्याची मुभा दिली. नागपूरच्या रुग्णालयाविरुद्ध पुलगावचा रुग्ण आता वर्ध्यास दाद मागू शकतो. विधिज्ञांच्या चर्चांत ह्या दुरुस्तीचा उल्लेख ओझरता येतो. शंभर किलोमीटरवरून पाहणाऱ्याला ती बरीच मोठी वाटते.

साक्षीदाराचा प्रश्न ह्याने सुटला नव्हता. २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात रुग्णालयाने आपल्या बाजूने योग्य काळजी घेतल्याचे दाखवावे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही असे सांगितले. फौजदारी बाजूने मात्र उलट दिशेने पाऊल पडले. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निवाड्याने हयगय घोर स्वरूपाची असल्याखेरीज डॉक्टर ३०४-अ खाली अपराधी ठरत नाही असे ठरवून, खाजगी फिर्याद दाखल करून घेण्यापूर्वी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे मत असावे असे सांगितले. त्रास देण्यासाठी केलेल्या फिर्यादींना आळा बसावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु ज्या साक्षीअभावी रुग्ण शतकभर दारातच अडखळत होता, तीच आता दाराची किल्ली झाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमाने हयगयीने मृत्यू घडविण्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढविली, पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने वैद्यकीय कृती करताना असे घडले तर ती पूर्वीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच ठेवली. नोंदणीकृत कोण, ह्याचे स्पष्टीकरण कलमातच आहे : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि त्या नोंदवहीत नाव असलेला. आयुर्वेद वा होमिओपॅथीचा पदवीधर ह्या व्याख्येत येत नाही. तालुक्याच्या गावी पहिला उपचार बहुधा ज्यांच्याकडून मिळतो त्यांत हे पदवीधर मोठ्या संख्येने असतात. महाराष्ट्रात काही अटींवर त्यांना आधुनिक औषधे देण्याची मुभाही कायद्याने दिलेली आहे. एका शास्त्राचे शिक्षण घेऊन दुसऱ्या शास्त्राची औषधे देणे हीच हयगय, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका होमिओपॅथाच्या प्रकरणात १९९६ मध्ये ठरविले होते. १८८७ मध्ये कविराज आणि डॉक्टर ह्यांच्यात पडलेली रेघ २०२४ मध्ये शिक्षेच्या वर्षांत उमटली आहे.

कागदपत्रांविषयी शेवटी लिहावयास हवे, कारण न दिसणारी हयगय दिसते ती कागदातच. रुग्णाला किंवा नातेवाइकाला मागितल्यावर केसपेपरची प्रत दिली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले. २००२ च्या व्यावसायिक वर्तनाच्या विनियमांनी आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे आणि मागणी आल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. पण पुलगावचा गंभीर रुग्ण एका रुग्णालयात बरा होत नाही. गावात दिलेले पहिले इंजेक्शन एका चिठ्ठीवर असते, आणि बाह्यरुग्णाची ती चिठ्ठी रुग्णाच्याच पिशवीत राहते. वर्धा किंवा सेवाग्राम येथील आंतररुग्णाचा कागद त्या रुग्णालयाच्या दप्तरात, आणि तेथून पुढे पाठविल्यास नागपूरचा कागद नागपुरात. पालशेतहून पुण्यास नेलेल्या मुलाच्या पायाला प्रवासात काय झाले, हे त्या वेळी त्याच्याबरोबर टॅक्सीत बसलेला डॉक्टर सांगू शकला. पुलगावहून निघणाऱ्या रुग्णाच्या वाहनात बहुतेक वेळा फक्त नातेवाईक असतात आणि त्यांच्या हातात ती चिठ्ठी.